पुडीतल्या तीन गोळ्या

हर्णैचा मासळीचा लिलाव आटोपला की बंदरावरची माणसं संध्याकाळी दापोलीत येतात. कुणाला बाजार करायचा असतो, कुणाचं इंजिनाचं काम असतं, आणि जाता जाता दोन-चार जण माझ्या मेडिकलसमोर गाडी लावतात. गेल्या आठवड्यात असाच एक जण आला. उजव्या पायात चप्पल, डाव्या पायाला ओला फडका गुंडाळलेला. काउंटरला टेकून म्हणाला, “वहिनी, ती तीन गोळ्यांची पुडी द्या. अंगठा नुसता ठणकतोय, रात्रभर डोळ्याला डोळा नाही.”

मी पुडी दिली नाही. डॉक्टरांकडे जा म्हटलं, तर तो चिडला. “पैसे देतोय ना?” म्हणाला आणि लंगडत निघून गेला. पुडी त्याला दुसरीकडे मिळाली असणार. कोकणातच नाही, महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी ती मिळते. कागदाच्या छोट्या पाकिटात तीन गोळ्या: एक वेदनाशामक, एक ॲसिडिटीची आणि एक स्टेरॉइडची. सकाळ-संध्याकाळ एकेक पुडी, दोन दिवसांत पाय चपलेत जातो. दोन दिवसांत पाय चपलेत गेला की माणूस पुन्हा तिथेच येणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मी सत्तावीस वर्षं औषधांचं दुकान चालवते आहे. त्यातली पहिली सतरा-अठरा वर्षं मीही ही पुडी बांधून देत होते. ज्या माणसाला सगळ्यांत जास्त वेळा दिली ते माझे सासरे, अण्णा.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून 2008 साली निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी पावसाळ्यात एका रात्री अडीच-तीनच्या सुमाराला त्यांनी हाक मारली. उजव्या पायाचा अंगठा बुडाशी टोमॅटोसारखा लाल झाला होता, कातडी ताणून चकाकत होती. मी नीट बघावं म्हणून पायावरची चादर बाजूला करायला गेले, तर ती चादर नुसती सरकली तरी ते ओरडले. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस. मी दुकान उघडलं, गोळ्या आणल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पडवीत बसून पेपर वाचत होते. संध्याकाळी घरी आलेल्या माणसांना सांगत होते, “आमच्या सूनबाईच्या हाताला गुण आहे.”

ते वाक्य आज आठवलं तरी मला गिळता येत नाही.

त्यांना झालं होतं ते गाऊट. आपल्याकडे त्याला हे नाव कमीच लोक देतात. “मला युरिक ॲसिड आहे,” असं म्हणतात. आता युरिक ॲसिड प्रत्येकालाच असतं. पेशींतल्या आणि अन्नातल्या प्युरीन नावाच्या द्रव्यांचा तो शेवटचा चोथा. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात त्याला आणखी फोडणारं एक विकर असतं, माणसाच्या वंशात ते फार पूर्वीच नाहीसं झालं. म्हणून आपल्या रक्तात ते जास्त राहतं. एका डेसिलिटर रक्तात साधारण 6.8 मिलिग्रॅमपर्यंत ते विरघळून राहू शकतं. त्यापुढे, मिठाच्या पाण्यात खाली मीठ बसावं तसे त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत साचू लागतात. पायाचा अंगठा शरीराच्या मानाने थंड, थंडाव्यात ते कमी विरघळतं, म्हणून सुरुवात बहुधा तिथून. आयुर्वेदात याला वातरक्त म्हटलं आहे. चरकसंहितेत त्याच्या चिकित्सेचा स्वतंत्र अध्याय आहे आणि ‘आढ्यवात’ असंही एक नाव दिलं आहे, आढ्य म्हणजे श्रीमंत. माझ्या गिऱ्हाइकांत मात्र खलाशी आहेत, रिक्षावाले आहेत, एसटीचे चालक आहेत, गवंडी आहेत. दुखणं श्रीमंतांचं राहिलेलं नाही.

अण्णांचं युरिक ॲसिड आम्ही पहिल्या वर्षी एकदा तपासलं होतं. 9.4. तो कागद दुकानाच्या खणात पडून राहिला. दुखणं थांबलं होतं ना, मग आकड्याचं काय करायचं? हाच तो घोटाळा, आणि त्यापायीच हा लेख लिहायला बसले आहे. गाऊटचं दुखणं थांबतं, स्फटिक थांबत नाहीत. झटका आठ-पंधरा दिवसांत औषध न घेताही ओसरतो. माणसाला वाटतं गेलं. पण आकडा चढाच असेल तर दोन झटक्यांच्या मधल्या महिन्यांत स्फटिकांचा थर मुकाट्याने वाढत असतो. आधी सांध्याच्या आत, मग बाहेर, कानाच्या पाळीवर, कोपरावर, बोटांच्या पेरांवर. 2015 च्या सुमाराला अण्णांच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर हरभऱ्याएवढी गाठ आली. एक दिवस ती फुटली आणि आतून पांढरं, दाणेदार काहीतरी आलं. अण्णा पान खायचे. त्यांनी ते बोटावर घेऊन पाहिलं आणि म्हणाले, “हा तर भिजवलेला चुना!” मी कापसाने पुसून पट्टी बांधली आणि तीन गोळ्यांची पुडी दिली.

आता हाडाचं सांगते.

हाड म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत नव्हे. जुन्या घराला दरवर्षी पावसाळ्याआधी डागडुजी लागते, तशी हाडाची रोज चाललेली असते. काही पेशी जुनं हाड खरवडून काढतात, काही पेशी त्या जागी नवं भरतात. दोन्हींचा मेळ असेल तोवर हाड शाबूत. स्फटिकांची गाठ हाडाला टेकली की तो मेळ बिघडतो. न्यूझीलंडमध्ये गाऊट खूप आहे, माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांत तर फारच. तिथल्या ऑकलंड विद्यापीठात निकोला डालबेथ आणि त्यांचे सहकारी यावर वर्षानुवर्षं काम करत आहेत. गाठ आणि हाड जिथे भिडतात त्या कडेवर हाड खरवडणाऱ्या पेशींची गर्दी झालेली असते, आणि स्फटिकांच्या संगतीत हाड भरणाऱ्या पेशींचं काम मंदावतं, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे खरवडणारे गवंडी दुप्पट आणि भरणारे सुट्टीवर. एक्स-रेत तिथे हाडाला कडेने चावा घेतल्यासारखा खड्डा दिसतो. रेडिओलॉजिस्ट मंडळी त्याला उंदराने कुरतडल्याची उपमा देतात. गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे, हा रोग पायाच्या मुळापासून अंगभर पसरतो तो उंदराच्या विषासारखा, असं आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत म्हटलं आहे.

अण्णांच्या पायाचा तो एक्स-रे मी पाहिला 2017 साली. पण तो काढायचं कारण पाय नव्हता. पाठ होती.

भाद्रपदाचे दिवस होते. गौरी यायच्या आदल्या दिवशी सकाळी अण्णांनी विहिरीवरून अर्धी बादली पाणी आणलं आणि ती पायरीवर ठेवायला वाकले. ते पडले नाहीत, पाय घसरला नाही, कशाचा धक्का लागला नाही. नुसते वाकले, आणि त्यांच्या पाठीत कटकन आवाज झाला. तो त्यांनी स्वतः ऐकला. त्यानंतर तीन आठवडे त्यांना कुशीवर वळायला दोन माणसं लागत. मणका आत दबला होता, काड्यापेटी अंगठ्याने दाबावी तसा. मुंबईला नेलं तेव्हा कळलं की हा दुसरा आहे. आधीचा एक मणका केव्हा दबला याचा घरात कुणालाच पत्ता नव्हता.

पत्ता लागायला हवा होता. आमच्या ओटीवर दाराशेजारी एक खुंटी आहे, अण्णांची छत्री आणि टोपी तिला अडकवलेली असायची. त्या उन्हाळ्यात त्यांनी छत्री खुर्चीच्या पाठीवर ठेवायला सुरुवात केली होती. मी दोनदा उचलून खुंटीला लावली आणि मनात म्हटलं, वय झालं, विसरतात. विसरत नव्हते. त्यांचा हात खुंटीला पुरत नव्हता. दवाखान्यात मोजली तेव्हा उंची अडीच इंच कमी भरली. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली. उणे अडीच किंवा त्याखाली आकडा आला तर हाडं ठिसूळ धरतात. अण्णांचा कण्याचा आकडा उणे 3.4 होता.

तिथल्या डॉक्टरांनी सगळे कागद पाहिले आणि विचारलं, “स्टेरॉइड किती वर्षं चालू आहे?” अण्णा म्हणाले, “मी कसलं स्टेरॉइड घेत नाही.” खरंच त्यांना माहीत नव्हतं. ते घेत होते ती ‘अंगठ्याची गोळी’. पहिल्या वर्षी दोन पुड्या, मग वर्षाला पाच-सहा, मग महिन्याला एक. शेवटची दोन-अडीच वर्षं त्यातली ती छोटी गोळी रोज सकाळी अर्धी, झटका येऊच नये म्हणून. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “मी देत होते.”

स्टेरॉइड हाडाचं काय करतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. डी. फार्म.च्या वर्गात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. हाड भरणाऱ्या पेशी त्याने लवकर मरतात, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, लघवीतून जास्त जातं. झीज सगळ्यांत वेगाने होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत, आणि आधी बळी पडतात ते मणके, कारण ते आतून जाळीदार. अगदी छोटा डोस, रोज अडीच ते पाच मिलिग्रॅम, तीन महिन्यांपेक्षा जास्त चालला तरी हाड मोडण्याचा धोका वाढतो. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि स्वतःच्या हाताने पुडी बांधताना ते आठवणं वेगळं. समोर माणूस कळवळत असतो, आपल्या हातात तोडगा असतो, आणि तो लागू पडतो. लागू पडतो हीच त्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट.

म्हणजे अण्णांच्या हाडांवर दोन बाजूंनी घाला पडत होता. पायात आणि बोटांत स्फटिक कुरतडत होते, कारण 9.4 च्या आकड्याला कुणी हात लावला नव्हता. आणि कणा पोखरत होती ती गोळी, जी स्फटिकांचं दुखणं झाकण्यासाठी दिली जात होती. वेदनाशामकाचा वाटा तिसरा. ती गोळी वर्षानुवर्षं घेतली तर मूत्रपिंडाला इजा करते. युरिक ॲसिड बाहेर टाकण्याचं दोनतृतीयांश काम मूत्रपिंडाचं, आणि ड जीवनसत्त्व शरीराला वापरता येईल असं करण्याचा शेवटचा टप्पाही तिथलाच. मूत्रपिंड थकलं की युरिक ॲसिड चढतं आणि हाडंही उपाशी राहतात. एका पुडीत किती नुकसान मावतं ते बघा.

गाऊट असलेल्या माणसाची एकूणच सगळी हाडं ठिसूळ होतात का, यावर संशोधकांत एकमत नाही. काही पाहण्यांमध्ये गाऊटच्या रुग्णांत हाड मोडण्याचं प्रमाण थोडं जास्त आढळलं, काहींमध्ये फरक दिसला नाही. उलट काही ठिकाणी, ज्यांचं युरिक ॲसिड चढं त्यांच्या हाडांची घनता थोडी बरी निघाली. तो वाद त्यांनी सोडवावा. गाठीखालचं हाड कुरतडलं जातं आणि स्टेरॉइडने कणा पोकळ होतो, या दोन गोष्टींबद्दल वाद नाही, आणि दोन्ही टाळता येण्यासारख्या आहेत.

आता पथ्याबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण ते हाडांशी थेट जाऊन भिडतं.

युरिक ॲसिड वाढलं म्हटलं की आमच्याकडे पहिला हुकूम सुटतो: डाळी बंद, दूध-दही बंद, पालक बंद, टोमॅटो बंद. अण्णांनी तो शिरसावंद्य मानला. कुळथाची पिठी म्हणजे त्यांचा जीव की प्राण, ती सोडली. रात्रीचं कपभर दूध सोडलं. ताक सोडलं. मासे मात्र चालूच, कारण मासे ‘हलके’. सुका जवळा, तारली, बांगडा. आणि दुपारी पाहुण्यांबरोबर बाटलीतलं गोड सरबत. बरोबर उलटं चाललं होतं. 2004 मध्ये अमेरिकेतल्या 47,150 पुरुषांची बारा वर्षांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्या काळात त्यांच्यातल्या 730 जणांना नव्याने गाऊट झालं. मांस आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत ते जास्त होतं. दूध-दही घेणाऱ्यांत कमी होतं. आणि ज्या डाळी-भाज्यांत प्युरीन जास्त आहे असं म्हणून आपण त्या सोडतो, त्यांचा गाऊटशी संबंध आढळला नाही. दारू, त्यातही बिअर, आणि साखरेची शीतपेयं आकडा चढवतात, हेही आता पुरेसं स्पष्ट आहे. म्हणजे अण्णांनी ज्याने आकडा उतरतो आणि हाडाला कॅल्शियम मिळतं ते दूध सोडलं, ज्याने काही बिघडत नव्हतं ती डाळ सोडली, आणि नको ते ताटात ठेवलं. स्टेरॉइड घेणाऱ्या साठीच्या पुढच्या माणसाचं दूध आणि डाळ एकाच दिवशी बंद करणं याला पथ्य म्हणता येत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती मला एका मासळीवालीने दाखवून दिली. “ताई, जवळा नको म्हणता, पण सालासकट खातो तोच तर आमचा कॅल्शियम.” तिचं चूक नव्हतं. दूध न पिणाऱ्या घरात बारीक मासळी हाच कॅल्शियमचा मोठा आधार असतो. तिला मी नाचणीची भाकरी सुचवली. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, आणि नाचणी काही आम्हाला परकी नाही. जवळा रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा. पण तिला हेही सांगितलं की नुसत्या पथ्याने युरिक ॲसिड एखाद्या मिलिग्रॅमने उतरतं, नऊवरून पाचावर येत नाही. त्यासाठी औषधच लागतं. म्हणून पथ्याच्या नावाखाली उपासमार करून घेऊ नका.

हल्ली आणखी एक प्रकार वाढला आहे. सगळ्या शरीराच्या तपासणीचं पॅकेज घेतात, त्यात युरिक ॲसिड 7.2 येतं, पुढे लाल अक्षरात बाण असतो. टाच दुखते, गुडघा दुखतो, सगळं त्याच्या नावावर. कधीही झटका आलेला नसताना नुसत्या आकड्यासाठी सहसा औषध लागत नाही. आणि उलटही होतं. ऐन झटक्यात रक्त तपासलं तर आकडा साधा येऊ शकतो, म्हणून झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं.

शिवाय स्फटिक सगळे युरिक ॲसिडचेच असतात असंही नाही. डॅनियल मॅकार्टी या अमेरिकन डॉक्टरांनी 1961 साली सांध्यातल्या पाण्यात गाऊटचे स्फटिक ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले, आणि पुढच्याच वर्षी काही रुग्णांत ते वेगळेच निघाले, कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे. म्हाताऱ्या माणसाचा गुडघा किंवा मनगट अचानक सुजतं ते पुष्कळदा यांच्यामुळे. कधी त्याच्या मुळाशी गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीचा अतिरेक असतो, जी हाडातलं कॅल्शियम उपसून रक्तात आणते. तिथे सांध्यातला स्फटिक आणि पोकळ हाड ही एकाच रोगाची दोन तोंडं असतात, आणि पुडीने दोन्ही झाकली जातात. बायकांना पाळी जाईपर्यंत गाऊटपासून बरंच संरक्षण असतं, कारण इस्ट्रोजेन युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं. ते संपलं की गाऊट येऊ शकतं, आणि नेमकी तेव्हाच हाडंही झिजू लागतात. साठीच्या बाईच्या हातात स्टेरॉइडची पुडी दिसली की मला आता धडकी भरते.

मग करायचं काय? औषध नवं नाही, महागडंही नाही. ॲलोप्युरिनॉल 1960 च्या दशकापासून वापरात आहे. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतलं ते औषध, दोघांना 1988 साली नोबेल मिळालं. शंभर मिलिग्रॅमने किंवा त्याहूनही कमीने सुरू करून हळूहळू वाढवत आकडा सहाच्या खाली आणायचा, गाठी असतील तर पाचाच्या खाली, आणि तिथेच ठेवायचा. आकडा खाली राहिला की साचलेले स्फटिक पुन्हा विरघळू लागतात. कुरतडलेलं हाड पूर्ण भरून येईल याची हमी नाही, पण कुरतडणारा जातो.

अडतं ते सुरुवातीच्या महिन्यांत. स्फटिक हलू लागले की झटके येतात. माणूस म्हणतो, नव्या गोळीने दुखणं वाढवलं, आणि गोळी फेकून पुन्हा पुडीकडे येतो. अण्णांनीही दुसऱ्या महिन्यात तेच म्हटलं. म्हणून पहिले तीन ते सहा महिने सोबत कोल्चिसीन कमी प्रमाणात देतात. आमच्या कोकणात पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी असते ना, तिच्यातही हेच कोल्चिसीन असतं. पण कुणी तिचा कंद उगाळायच्या भानगडीत पडू नका, त्याने माणूस दगावतो. दुकानातली मोजून मापून केलेली गोळीही जास्त झाली तर विषारी. ॲलोप्युरिनॉलने अंगावर पुरळ आलं तर गोळी लगेच थांबवून डॉक्टरांना गाठायचं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही युरिक ॲसिड चढतं. अण्णांना ती लघवी वाढवणारी गोळी होती, डॉक्टरांनी बदलून दिली. स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

अण्णांचं ते अर्ध्या गोळीचं स्टेरॉइड एका दिवसात बंद केलं नाही, हे मुद्दाम सांगते. महिनोन् महिने स्टेरॉइड पोटात गेलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं. एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळतो, जिवावर बेततं. त्यांचं चार महिन्यांत थोडं थोडं करत थांबवलं. हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि आठवड्याची एक गोळी. दर रविवारी उठल्या उठल्या पेलाभर पाण्याबरोबर ती घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही. तो अर्धा तास अण्णा ओट्यावर ताठ बसून रेडिओ ऐकत. आज त्यांचा आकडा 5.2 आहे, बोटावरची गाठ मोहरीएवढी उरली आहे, पाच वर्षांत एकही झटका नाही. गेलेली अडीच इंच उंची परत आलेली नाही. ओटीवरची खुंटी आम्ही उपटून खाली ठोकली.

स्टेरॉइड वाईट औषध आहे असं मी म्हणत नाही. मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाला झटक्यात वेदनाशामक देता येत नाही, तिथे डॉक्टर पाच-सात दिवस स्टेरॉइड देतात आणि ते बरोबरच असतं. ज्या पट्टीवर डाव्या कडेला लाल उभी रेघ असते ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, हा कायदा त्यासाठीच आहे. पुडीत ती रेघ नसते. पट्टी कापून गोळी सुटी केली की तिचं नाव जातं, तारीख जाते आणि रेघही जाते. सांधेदुखीवर रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांतही स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. जे ‘आयुर्वेदिक’ चूर्ण एका रात्रीत सूज उतरवतं, त्याच्याकडे संशयानेच बघा.

माझ्या धंद्यातल्या भावा-बहिणींना मला दोन शब्द सांगायचे आहेत. आपल्यातले बरेच जण गावात डॉक्टरइतकेच विश्वासाचे आहेत. रात्री दार वाजतं ते आपलं. म्हणून तर पुडी बंद करणं आपल्याच हातात आहे. अन्न व औषध प्रशासनाचा माणूस येईल तेव्हा येईल. कुणी अंगठा धरून आला तर त्याला विचारा, हा कितवा? वर्षातला दुसरा असेल तर त्याला युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन तपासायला पाठवा, आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे. गिऱ्हाईक तुटेल, माझी तुटली. त्यातली काही सहा महिन्यांनी ॲलोप्युरिनॉलची चिठ्ठी घेऊन परतही आली.

आणि तुमच्या घरात कुणी वर्षानुवर्षं अशी सुटी गोळी घेत असेल, तर आज रात्री ती बंद करू नका. उद्या सकाळी ती गोळी कागदात बांधून डॉक्टरांकडे घेऊन जा, तिचं नाव विचारा, आणि त्या माणसाची उंची मोजून घ्या.